लाल पाटीच्या दिवशी

आक्का, तुम्ही गेलात त्याला अजून आठवडा व्हायचाय, आणि तुमच्या घरात एवढं हसणं चाललंय की मुरुडचे अण्णा काल चिडून म्हणाले, "सुतक हाय का बारसं?" काय करू सांगा. भेटायला येणारा प्रत्येक माणूस पडवीत टेकतो, डोळ्याला पदर नाहीतर रुमाल लावतो, पाण्याचा घोट घेतो आणि मग "बाईनं एकदा काय केलं..." म्हणून सुरू होतो. त्यानंतर त्याला रडणं जमत नाही. मलाही जमत नाही. अण्णा तुमचे चुलतभाऊ, वयानं थोरले, त्यांना काय बोलणार? मी आत जाऊन चहा टाकते आणि चुलीपाशी बसून पुन्हा हसते.

लातूरच्या शाळेत भूगोल शिकवणारी मी तुमची धाकटी भावजय आणि किनवटच्या रानात वनपाल म्हणून सगळी नोकरी काढलेल्या तुम्ही. आपलं जमेल असं आमच्या लग्नात कुणालाही वाटलं नव्हतं. औशाच्या त्या मंडपात "नवऱ्याची बहीण कुठाय, मानपान खोळंबलाय" असा आरडाओरडा चालला होता आणि तुम्ही एस्टीतून उतरून थेट खाकी कपड्यांत आत आलात. केसांना धुराचा वास. माझ्या कपाळाला मुंडावळ्या, तोंडात साखर कोंबलेली, आणि तुम्ही समोर बसून काय विचारलंत? "भूगोल शिकवतीस न्हवं? मग सांग, रानाला आग हवेमुळं लागती का माणसामुळं?"

"माणसामुळं," मी कशीबशी म्हणाले.

"मग हवामान कायला शिकवतीस पोरांना?"

मी तोंडातली साखर गिळली. माझी आई मागून पुटपुटली, "आगं बाई, ही नणंद हाय का परीक्षक?" तुम्ही मात्र खूश. म्हणालात, "हवा आग लावत न्हाई. पण लागलेली आग किती धावणार, ते हवाच ठरवती. ये सुट्टीत, दाखवते." मधुचंद्राला लोक कुठं कुठं जातात. तुमच्या भावानं मला पहिल्या उन्हाळ्यात तुमच्याकडं आणलं, आणि वाळलेल्या पाचोळ्यातून चालताना किती आवाज होतो ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आपल्या लातूर जिल्ह्यातलं सगळं जंगल एका दुपारी पायी बघून होईल. इथं सागवान संपता संपेना. सागाची पानं गळून, सुकून, वाकडी होऊन पडलेली. तुम्ही बुटानं ढीग उचकटून दाखवलात. "बघ, पान सपाट पडलं असतं तर बरं होतं. हे वाकडं पडतंय म्हणून खाली हवा राहती. चुलीत लाकडं कशी रचतो आपण? तसं रानानं सोताच रचून ठेवलंय."

तेव्हापासून मी दर उन्हाळ्यात येत राहिले. निमित्त कुरडयांचं. लातुरात गच्चीवर भाडेकरूंची धुणी, इथं तुमची गच्ची मोकळी आणि ऊन असं की सकाळी घातलेली कुरडई दुपारी टक्कन मोडते. तुमच्या भावाला वाटायचं, मी कुरडयांसाठी जाते. मी ते वाटू दिलं. तुम्हाला मात्र हे कधीच सांगितलं नाही, ते आज सांगते. कुरडया लातुरात विकतही मिळतात, आक्का. मी तुमच्यासाठी येत होते. वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावून लावून माझा घसा बसायचा, आणि मग इथं येऊन कुणीतरी मला उलटतपासणीला उभं करायचं. ते मला हवंहवंसं वाटायचं.

निवृत्तीनंतर तुम्ही लातूरजवळच्या आपल्या मुरुडला परत याल असं सगळ्यांनी धरलं होतं. तुम्ही गावाकडच्या शेताचा तुकडा भावाच्या नावे करून इथंच, रानाच्या कडेला दोन खोल्या बांधल्यात. अण्णा अजूनही त्या रागात आहेत. म्हणतात, "नौकरी सुटली तरी हिचं फारेस्ट सुटंना." खरंच सुटलं नाही. खात्याच्या मोबाईलवर उपग्रहाचा निरोप येतो, पण तो आग लागल्यावर. लागण्याआधी कोण सांगणार? म्हणून तुम्ही मारुतीच्या पारावर खांब रोवलात आणि पत्र्याच्या चार पाट्या रंगवून घेतल्यात. हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. रोज दुपारी ऊन माथ्यावर असताना त्यातली एक टांगायची. हिरवी असेल तर खुशाल शेताचा धुरा जाळा. पिवळी असेल तर माणसं आणि पाणी जवळ ठेवून जाळा. नारिंगी आणि लाल असेल तर काडी खिशातून काढायची नाही. शिवाय दुपारची पाटी दुपारपुरती; दिवस कलला की पुन्हा बघायचं, कारण तीच हवा संध्याकाळी वेगळी असते.

पेरणीआधी शेताचे धुरे जाळायची इथली जुनी रीत. बांधावरचं गवत, काटक्या, कपाशीच्या पळाट्या पेटवून दिल्या की वखराला वाट मोकळी. शेत रानाला लागून असेल तर मात्र तोच धुरा रानात शिरतो. तुम्ही लोकांना "जाळू नका" असं कधी म्हणाला नाहीत. "कवा जाळायचं ते मी सांगते," असं म्हणालात. एवढ्या एका फरकानं लोक ऐकायला लागले असं मला वाटतं, पण त्यावरही आपला वाद झालाच असता.

वाद तर किती! पडवीत लाकडी जाळीची पेटी, तिच्यात शेजारी शेजारी दोन तापमापक. एकाच्या बुडाला ओली वात गुंडाळलेली, तिचं टोक पाण्याच्या इवल्या बाटलीत. हवा कोरडी असेल तर वातीतलं पाणी भराभर उडतं, तो तापमापक गार पडतो आणि दोघांत अंतर वाढतं. जेवढं अंतर जास्त, तेवढी हवा तहानलेली. मी हे पोरांना फळ्यावर शिकवत होते, तुम्ही त्यावर गाव चालवत होतात. बांबूला बांधलेल्या कापडाच्या पट्टीवरून वारा बघायचा, शेवटचा पाऊस होऊन किती दिवस झाले ते धरायचं, ऊन किती ते बघायचं आणि सगळ्याचे गुण मिळवून पाटी ठरवायची. त्यात मोठा कोण, यावर आपण जन्मभर भांडलो. मी म्हणायची कोरडेपणा. तुम्ही म्हणायचात वारा. "कोरडं लाकूड जागेवर पडून राहतंय ग मास्तरीणबाई, त्याला पाय वारा देतो." मी म्हणायची, ओल्या लाकडाला वाऱ्यानं पंख दिले तरी ते पेटणार आहे का? तुम्ही म्हणायचात, "जा, कुरडया उलथ."

कुरडयांवरून आठवलं. बचत गटाच्या बायकांना तुम्ही तुमच्याच गच्चीवर बसवून जे शिकवलंत, ते मी पुढं वर्गात सहीसही चोरलं. अवकाळी टपोरे थेंब पडून गेले की गावात सगळे म्हणायचे, आता काय पेटतंय, ओलं झालंय सगळं. तुम्ही एका हातात कुरडई घेतलीत, एका हातात सांडगा. "दोन्ही भिजली. आधी कोण सुकंल?" बायका म्हणाल्या, कुरडई. "हाव. कुरडई म्हंजे गवत आन् पाला. काल भिजलं, आज दुपारी परत कडक. सांडगा म्हंजे पडलेला ओंडका. त्याला सुकाया वेळ लागतो, पर एकदा का सुकला आन् पेटला, तर दिवसदिवस धुमसतो. आग कुरडईवर धावती आन् सांडग्यावर मुक्काम करती." एक बाई म्हणाली, "आन् पापड?" तुम्ही क्षणभर अडकलात. मग म्हणालात, "पापड म्हंजे साहेब लोक. जरा ऊन लागलं की वाकडे." त्या दिवशी गच्ची हसण्यानं खाली यायची बाकी होती.

आणि तरीही, आक्का, तुम्ही स्वतः त्याच गोष्टीत फसलात! येणारा प्रत्येक माणूस जी गोष्ट सांगतोय ती हीच आहे. पाटी लागायला लागून एखादं वर्ष झालं असेल. आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस पडून गेलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पेटी उघडलीत, तर दोन्ही तापमापक एकच आकडा दाखवतायत. अंतर शून्य. कोष्टकात बघितलंत, हवा अगदी ओलीचिंब. पाऊस कालच झालेला, म्हणजे पटण्यासारखंच. पारावर जाऊन हिरवी पाटी टांगलीत. पावसानं थांबलेले शेतकरी लगेच काड्यापेट्या घेऊन धुऱ्याकडं निघाले.

मी गच्चीवर होते. हातातली कुरडई काचेसारखी मोडली. खाली वाकून ओरडले, "आक्का, कुरडई कडक झाली आन् तुमची पाटी हिरवी कशी काय?"

"यंत्र खोटं बोलत न्हाई!"

"मग कुरडई खोटं बोलून राहिली का?"

तुम्ही तणतणत पेटी उघडलीत. वात कोरडी ठणठणीत. बाटली रिकामी. ओला तापमापक ओला नव्हताच, म्हणून तो दुसऱ्यासारखाच आकडा दाखवत होता. रेल्वेनं पाणी मागवायची वेळ आलेल्या लातूरकडची माणसं आपण! भांडं धुतलेलं पाणी झाडाला आणि झाडाखाली सांडलेलं कोंबड्यांना. नुसतं उभं राहण्यासाठी पाणी बाटलीभर कशाला, म्हणून तुम्ही त्या इवल्या बाटलीत रोज झाकणभरच पाणी घालत होतात. इतर दिवशी ते कसंबसं पुरायचं. त्या दिवशी नाही पुरलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसानं ही चूक केली नसती, आक्का. पुण्याच्या माणसानं बाटली भरली असती आणि विसरून गेला असता.

तुम्ही हसला नाहीत. अनवाणी पाराकडं पळत सुटलात, मी मागं. हिरवी काढून लाल टांगलीत आणि मारुतीच्या देवळात शिरून भोंगा चालू केलात. तुमचा तो फाटका आवाज सगळ्या शिवारात गेला. "फारेस्टची बाई बोलून राहिले. आयका. माझी चूक झाली. बाटलीत पाणी कमी घातलं म्हणून पाटी चुकली. पाटी हिरवी न्हाई, लाल हाय. धुरा पेटवू नका. ज्यांनी पेटवला असंल त्यांनी हाका मारा, आम्ही येऊन राहिलो." हे तुम्ही पुन्हा पुन्हा सांगितलंत, दर वेळी बाटलीसकट. मी खुणा करत होते, चूक सांगायची काय गरज, नुसतं लाल म्हणा. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत.

गंगारामकाकांनी पेटवला होता. त्यांचं शेत रानाला खेटून. आम्ही पोचेपर्यंत आग कडेच्या सागांखाली शिरली होती. मग सगळं गाव आलं, हिरव्या फांद्या तोडून झोडपलं, ओली पोती टाकली आणि आग तिथंच बसवली. झाड गेलं नाही, माणूस गेला नाही. गेल्या फक्त तुमच्या भुवया. औशाला नात्यातल्या एका लग्नात तुम्ही काजळानं नव्या काढल्यात, एक वर, एक खाली, आणि दिवसभर प्रत्येक पाहुण्याला वाटत राहिलं की त्याच्या बोलण्याचं तुम्हाला फार नवल वाटतंय.

धुरानं काळे झालेले गंगारामकाका त्या दिवशी बांधावर बसले आणि म्हणाले, "बाई, सरकारी माणूस 'मी चुकलो' म्हणून भोंग्यावर सांगतंय, हे जिंदगीत पयल्यांदा आयकलं. आता तुमची पाटी मानली." मला वाटलं होतं, आता कुणी त्या पाटीकडं ढुंकून बघणार नाही. झालं उलटंच. त्यानंतर गावात लाल पाटीच्या दिवशी धुरा पेटला नाही. बाटलीही काठोकाठ भरायला लागलात, पण भरताना तुमचा जीव कसा तुटायचा ते मी बघितलंय.

आता तुम्ही गेलात त्या दिवसाचं सांगते, कारण तो तुम्ही बघितला नाहीत आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही झोपेतच गेल्या होतात. चेहरा शांत. मी तुमच्याशी थोडं बोलले, मग रडले, मग लातूरला फोन केले. तुमचा भाऊ आणि मुरुडचे अण्णा जीप करून निघाले. दुपार झाली तशी मी उठले आणि पाय आपोआप पेटीकडं गेले. बाटली काठोकाठ भरली, थांबले, आकडे बघितले. दोघांत एवढं अंतर मी कधी बघितलं नव्हतं. बांबूवरची पट्टी आडवी होऊन फडफडत होती. पाऊस तर कधीचा नाही. लाल पाटी टांगून घरी आले. तिचा अर्थ काय होणार हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

तो अर्थ जीप आल्यावर कळला. अण्णा उतरल्या उतरल्या म्हणाले, "लवकर उरका. उन्हाचं ठेवण्यात अर्थ न्हाई, आन् परतीचा पल्ला लांबचा हाय." तेव्हा दारात गंगारामकाका उभे राहिले.

"पाटी लाल हाय."

"आरं बाबा, मयत हाय का धुरा?"

"मसनवटा वढ्याकाठी हाय. त्याला लागून रान. आग ती आग."

अण्णांचा चेहरा उतरला. माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "तूच लावलीस न्हवं? मग जा, पिवळी लाव. कोण बघून राहिलंय?"

खोटं कशाला सांगू, आक्का, मी उठले होते. वैशाखाचं ऊन, बर्फ नाही, तुम्हाला तसं ठेवलेलं बघवत नव्हतं. पाटी बदलणं माझ्या हातात होतं आणि एका दुपारचा तर प्रश्न. पण दारात गंगारामकाका, अंगणात गावच्या बाया, सगळे माझ्याकडं बघत होते. कुणी रागानं बघत नव्हतं. मी काय करते एवढंच त्यांना बघायचं होतं. ज्या पाटीसाठी तुम्ही भोंग्यावर स्वतःची चूक सांगितलीत, ती तुमच्याचसाठी खोटी लावली, तर उद्या तिला कोण पाटी म्हणणार? पत्राच उरला असता. मी खाली बसले.

"न्हाई अण्णा. पाटी बदलायची न्हाई. दिवस कलला की पुन्हा बघू."

अण्णा भडकले. "जन्मभर भावकीला ताटकळत ठेवलं, आता जाताना बी?" आणि तुमचा भाऊ मध्ये पडला. "थांबू की, अण्णा. आक्काची मर्जी हाय."

मग जे झालं ते बघायला तुम्ही हव्या होतात. गावची माणसं कुदळी घेऊन मसनवट्यात गेली आणि सभोवार रुंद पट्टा खणून माती उघडी केली, तुम्ही शिकवलेल्या जाळरेषेसारखी. बाया कधी तिकडं जात नाहीत, पण त्या दिवशी खराटे घेऊन निघाल्या आणि पाचोळा झाडून लांब नेऊन टाकला. कुणी नको म्हणालं नाही. ट्रॅक्टरवरून पाण्याची पिपं आली. अण्णा काही वेळ कडेला उभे राहून बडबडले, मग त्यांनीही एक खराटा उचलला, आणि थोड्या वेळानं तेच इतरांना ओरडायला लागले, "आरं, त्या कोपऱ्यात राहिला की पाला!"

सूर्य सागाच्या मागं गेला तेव्हा मी पुन्हा पेटी उघडली. हवा कोरडीच होती, पण दुपारइतकी नाही. बांबूवरची पट्टी मात्र सरळ खाली लोंबत होती. पुन्हा पुन्हा गुण मिळवून बघितले, कारण तुमच्यासाठी मोजताना मला माझ्याच हाताची खात्री वाटेना. पिवळी. मी पारावर पाटी बदलली आणि बायांबरोबर तुमच्या मागोमाग ओढ्याकडं गेले.

सगळं गाव हिरव्या फांद्या आणि ओली पोती घेऊन गोल उभं होतं. तुमच्या भावाच्या हातात पलिता, आणि तो थबकलेला. आयुष्यात कुणाला विचारून काही न केलेला माणूस, गंगारामकाकांकडं बघून म्हणाला, "पेटवू का?"

गंगारामकाका खाली वाकले. मूठभर माती उचलली, हात लांब धरून बोटं सैल केली. माती सरळ खाली पडली.

"पेटवा," ते म्हणाले.